बाथरूम आणि शॉवरच्या नूतनीकरणासाठी भिंतीच्या टाइल्स कशा निवडाव्यात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, ठाणे, नाशिक आणि मुंबईच्या उपनगरांत १९९० च्या दशकात बांधलेल्या इमारतींमधील अनेक बाथरूम आता मोठ्या दुरुस्तीला आलेली आहेत. ८ × १२ इंचांच्या पांढऱ्या टाइल्स, मध्ये फुलांची एक पट्टी आणि सांध्यांत काळे पडलेले व्हाइट सिमेंट हे त्यांचे नेहमीचे रूप. पुढील उत्तरे साधारण ४ × ७ किंवा ५ × ८ फुटांच्या, शॉवर आणि कमोड एकाच खोलीत असलेल्या बाथरूमला धरून दिली आहेत.

प्रश्न: टाइल्स आधी ठरवाव्यात की तोडफोड आधी करावी?

टाइलचा प्रकार आणि साइज तोडफोडीपूर्वी ठरवावी. प्रत्यक्ष खरेदी मात्र नवीन प्लास्टर झाल्यावर, पुन्हा मापे घेऊनच करावी. जुन्या टाइल्स काढल्या की त्यांच्याबरोबर मागचा सिमेंटचा थर आणि बहुतेक ठिकाणी गिलावाही निघतो. भिंत ओळंब्यात आणण्यासाठी नवीन प्लास्टर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ करावे लागते, त्यामुळे आधी काढलेले माप एखाद्या इंचाने सहज बदलते. साइज आधी ठरवण्याचे कारण वेगळे आहे. डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे सोडायचे हे ठरवणारी भिंतीतील तोटी), गीझरचे पॉइंट आणि कमोडची नळी कोठे येणार हे प्लंबर ठरवतो आणि टाइलच्या सांध्यांची जागा त्याला ठाऊक असेल, तर नळाचे छिद्र टाइलच्या काठावर न येता मध्ये किंवा नेमके सांध्यावर घेता येते. जुन्या इमारतीत भिंतीतील लोखंडी पाइप असतील तर ते याच वेळी बदलून घ्यावेत आणि नवीन पाइपलाइनची दाबाखाली चाचणी झाल्याशिवाय प्लास्टर करू देऊ नये.

प्रश्न: सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड यांत नेमका फरक काय? भिंतीसाठी कोणती घ्यावी?

खरा फरक टाइल किती पाणी शोषते यात आहे. भिंतीसाठी बनवलेली साधी सिरॅमिक टाइल स्वतःच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषते, तर व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्के किंवा त्याहून कमी. सिरॅमिक टाइलच्या पुढच्या बाजूला काचेसारखा ग्लेझचा थर असतो आणि तो अभंग असेल तर समोरून पाणी आत जात नाही. मागची माती मात्र सच्छिद्रच राहते.

दुकानात हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. टाइल उलटी करून मागच्या बाजूवर पाण्याचे चार थेंब टाकावेत. सिरॅमिकवर ते बघता बघता जिरतात आणि ओला डाग पसरतो. व्हिट्रिफाइडवर थेंब तसेच उभे राहतात व बोटाने पुसले की पाठ कोरडी दिसते. विक्रेता काहीही म्हणो, ही चाचणी त्याच्यासमोर करून घेण्यात संकोच बाळगू नये.

भिंतीवर कोणी चालत नाही, वजन पडत नाही, त्यामुळे व्हिट्रिफाइडची कठीणता तेथे फारशी उपयोगाची नसते. चांगल्या प्रतीची सिरॅमिक टाइल बाथरूमच्या भिंतीला पूर्णपणे पुरेशी आहे, कापायला सोपी आहे आणि वजनाला हलकी आहे. शॉवरच्या भागात मोठ्या आकाराची, कमी सांध्यांची भिंत हवी असेल तर व्हिट्रिफाइड घ्यावी, परंतु ती कशी चिकटवायची याचा निर्णयही त्याच वेळी घ्यावा लागतो.

प्रश्न: मिस्त्री म्हणतात की सगळ्या टाइल्स सिमेंटनेच लावू. ते चालेल का?

सिरॅमिकसाठी चालते, व्हिट्रिफाइडसाठी नाही. सिमेंटची पकड ही टाइलच्या मागच्या छिद्रांत सिमेंटचे पाणी शिरून आत स्फटिक तयार झाल्यामुळे येते. म्हणूनच सिरॅमिक टाइल्स लावण्यापूर्वी बादलीत भिजत घालण्याची पद्धत आहे. कोरडी टाइल सिमेंटमधले पाणी एकदम ओढून घेते आणि सिमेंट कच्चे राहते. व्हिट्रिफाइड टाइलला शिरकाव देणारी छिद्रेच नसल्याने सिमेंट तिला धरत नाही. सुरुवातीचे काही महिने सर्व ठीक दिसते, नंतर बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज येऊ लागतो आणि गीझरच्या बाजूची एखादी टाइल सुटते.

व्हिट्रिफाइडसाठी पॉलिमर असलेले टाइल ॲढेसिव्ह वापरावे लागते. पिशवीवर आयएस १५४७७ हे भारतीय मानक आणि ॲढेसिव्हचा प्रकार छापलेला असतो. कोणता प्रकार कोणत्या टाइलसाठी आहे हे पिशवीवरच वाचून घ्यावे. २० किलोची पिशवी ३ मिलिमीटर जाडीने साधारण ५० चौरस फूट जाते. दातेरी थापीने एकाच दिशेने रेघा ओढून ते पसरवायचे असते, आणि मोठी टाइल असेल तर तिच्या पाठीवरही पातळ थर द्यायचा असतो. चार कोपऱ्यांवर चार गोळे आणि मध्ये एक गोळा ठेवून टाइल दाबणे ही आपल्याकडची फार रुळलेली सवय आहे. त्या गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी साचते आणि पुढे ड्रिल मारताना टाइल तेथेच फुटते. ॲढेसिव्ह वापरताना टाइल भिजवायची नाही, पाठीवरची भुकटी ओल्या फडक्याने पुसून घेतली की पुरे.

ॲढेसिव्हचा थर पातळ असल्याने भिंतीचा वाकडेपणा त्यात झाकता येत नाही. म्हणजे प्लास्टर आधी चोख हवे. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या भिंती असलेल्या घरांत तर हे विशेष पाहावे लागते, कारण जांभ्याचा पृष्ठभाग खडबडीत आणि ओल धरणारा असतो.

प्रश्न: लहान बाथरूमला मोठी टाइल शोभते का? कोणती साइज घ्यावी?

बाजारात भिंतीसाठी साधारणपणे १२ × १८ इंच, १२ × २४ इंच आणि २ × ४ फूट या साइज सर्वत्र मिळतात. मोठ्या टाइलमुळे सांधे कमी होतात, लहान खोलीही सलग दिसते, हे खरे आहे. मात्र २ × ४ फुटांची व्हिट्रिफाइड टाइल सुमारे १५ किलो वजनाची असते. ती अरुंद जिन्यातून वर न्यायची, ४ फुटी बाथरूममध्ये फिरवायची, तिला डायव्हर्टरचे मोठे छिद्र पाडायचे आणि न तडकता बसवायची, यासाठी दोन सराईत माणसे आणि योग्य कटर लागतो. खिडकी, डक्टचा बाहेर आलेला कोपरा आणि दाराची चौकट यांच्याभोवती कापाकापी होऊन बरीच टाइल वायाही जाते.

आमच्या मते या मापाच्या बाथरूमला १२ × २४ इंचांची टाइल आडवी लावणे सर्वांत सोयीचे ठरते. ७ फुटांच्या भिंतीवर एका ओळीत तीन पूर्ण टाइल्स आणि एक अर्धी बसते, ४ फुटांच्या भिंतीवर दोन, आणि ७ फूट उंचीत सात ओळी होतात. प्रत्यक्षात प्लास्टर आणि सांध्यांमुळे हा हिशेब थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून काम सुरू होण्यापूर्वी मिस्त्रीकडून भिंतीवर खडूने किंवा दोऱ्याने आखणी करून घ्यावी. दारातून आत पाहताना समोर दिसणाऱ्या भिंतीच्या कडेला दीड इंचाची चिंधी आली, तर कितीही महागडी टाइल असली तरी तीच नजरेत भरते. तसे होत असेल तर दोन्ही कडांना सारखे तुकडे येतील अशी सुरुवात मधून करावी. जमिनीला उतार असल्यामुळे सर्वांत खालची ओळ कोठे कमी, कोठे जास्त कापावी लागते. म्हणून दुसरी ओळ आधी पातळीत लावून खालची शेवटी बसवणे ही योग्य रीत आहे.

प्रश्न: टाइल्स दाराच्या उंचीपर्यंत लावाव्यात की थेट छतापर्यंत?

शॉवरच्या भिंतींवर छतापर्यंत किंवा फॉल्स सीलिंगपर्यंत नेणे चांगले, कारण गरम पाण्याची वाफ वर जाऊन रंगाचे पापुद्रे निघतात. इतर भिंतींवर ७ फूट पुरेसे असतात. बचत करायचीच असेल तर ती येथे करावी.

प्रश्न: ग्लॉसी घ्यावी की मॅट?

याचे उत्तर नळाला कोणते पाणी येते यावर अवलंबून आहे. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात क्षार भरपूर असतात आणि थेंब सुकला की पांढरा डाग उरतो. गुळगुळीत ग्लॉसी टाइलवर हा डाग उठून दिसतो, पण फडक्याने लवकर निघतो. मॅट टाइलवर तो चटकन दिसत नाही, परंतु खरखरीत पृष्ठभागात साबणाचा चिकटा आणि क्षार एकत्र बसले की ब्रशने घासावे लागते. या दोहोंच्या मधली सॅटिन किंवा शुगर फिनिशची टाइल मिळते. तीही बोटाने चाचपून पाहावी, कारण एकाच नावाखाली अगदी मऊसरपासून वाळूच्या कागदासारखी टाइल विकली जाते.

भिंतीसाठी आमचा कल हलक्या रंगाच्या सॅटिनकडे आहे. ग्लॉसी टाइल फक्त भिंतीवरच वापरावी. जमिनीवर मॅट आणि घसरण रोखणारी टाइलच हवी, मग भिंतीशी रंग जुळो वा न जुळो. घरात वृद्ध माणसे असतील तर यात तडजोड नको.

प्रश्न: काळ्या किंवा गडद निळ्या टाइल्स फार सुंदर दिसतात. घ्याव्यात का?

जड पाणी असेल तर शॉवरच्या भिंतीला घेऊ नयेत. रोज अंघोळीनंतर वायपरने भिंत पुसणारे कुटुंब असेल तर हरकत नाही. बेसिनच्या मागची भिंत गडद ठेवून हौस भागवता येते.

प्रश्न: डार्क, लाइट आणि हायलाइटर असा सेट घ्यावा का?

खाली गडद, वर फिकट आणि मध्ये किंवा एका भिंतीवर नक्षीदार हायलाइटर, हा सेट दुकानात लगेच पसंत पडतो, कारण तेथे तो पूर्ण उंचीच्या फळीवर, दिव्यांच्या झोतात लावलेला असतो. आपल्या बाथरूममध्ये खिडकी, गीझर, कमोडची टाकी आणि टॉवेलचा दांडा यांनी त्या रचनेचे तुकडे होतात. शिवाय डिझाइन्स झपाट्याने बदलतात. दोन वर्षांनी हायलाइटरची एक टाइल फुटली तर तशीच दुसरी मिळणे जवळजवळ अशक्य असते. साधी एकरंगी किंवा सौम्य दगडी पोताची टाइल घेतल्यास असा प्रसंग आला तरी निभावून नेता येते.

प्रश्न: खोके उघडताना काय तपासावे?

भारतातील बहुतांश टाइल्स गुजरातेतील मोरबी परिसरात बनतात. एकाच डिझाइनच्या दोन वेगळ्या भट्टींतील मालात रंगाचा किंचित फरक पडतो, तो सुटा सुटा लक्षात येत नाही, भिंतीवर शेजारी शेजारी मात्र लगेच दिसतो. म्हणून प्रत्येक खोक्यावरील शेड आणि बॅच क्रमांक एकच आहे का, हे माल उतरवतानाच पाहावे, आणि प्रीमियम दर्जाचे पैसे दिले असतील तर खोक्यावरही तोच दर्जा छापलेला असावा. दोन टाइल्स समोरासमोर, ग्लेझला ग्लेझ लावून धराव्यात. मध्ये फट राहत असेल किंवा त्या डुलत असतील तर टाइल बाकलेली आहे. लांबट टाइलमध्ये हा दोष जास्त आढळतो. अशा टाइल्स विटांसारख्या अर्ध्यावर अर्धी ठेवून लावल्यास एकीचा फुगीर मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या टोकाशेजारी येतो, आणि दिव्याच्या तिरप्या प्रकाशात सगळी भिंत लाटांची दिसते.

दगडी किंवा लाकडी नक्षीच्या टाइलमध्ये एका डिझाइनची किती वेगवेगळी चित्रे आहेत, हेही विचारावे. दोनच असतील तर तीच शीर भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसते.

प्रश्न: किती खोकी लागतील हे कसे काढावे?

४ × ७ फुटांच्या बाथरूमचा घेर २२ फूट होतो. ७ फूट उंचीपर्यंत टाइल लावायची असेल तर २२ × ७ म्हणजे १५४ चौरस फूट. अडीच फुटी दाराचे साडेसतरा आणि २ × २ फुटांच्या खिडकीचे चार चौरस फूट वजा केल्यास १३२.५ उरतात. कापाकापी आणि फुटतुटीसाठी १० टक्के धरले की सुमारे १४६ चौरस फूट होतात. १२ × २४ इंचांच्या पाच टाइल्सच्या खोक्यात साधारण ९.७ चौरस फूट येतात, म्हणजे १६ खोकी. खिडकीच्या आतल्या बाजू आणि नीश (सामान ठेवण्यासाठी भिंतीत केलेला कोनाडा) यांचे माप वेगळे मिळवावे. टाइल्स तिरप्या लावायच्या असतील तर घट १५ टक्के धरणे बरे.

प्रश्न: जुन्या टाइल्सवरच नवीन टाइल्स लावल्या तर धूळ आणि खर्च वाचेल ना?

वाचेल, आणि काही घरांत हा मार्ग योग्यही आहे. जुनी टाइल सर्वत्र घट्ट असेल, पाइप नवीन असतील आणि खालच्या मजल्यावर ओल नसेल, तर टाइलवर टाइल लावण्यासाठी असलेले ॲढेसिव्ह वापरून हे काम टिकाऊ होते. त्यापूर्वी प्रत्येक जुनी टाइल ठोकून पाहावी लागते, पोकळ टाइल्स काढून ती जागा भरावी लागते, आणि साबणाचा थर पूर्ण घासून काढावा लागतो. भिंत प्रत्येक बाजूने सुमारे अर्धा इंच पुढे येते, त्यामुळे डायव्हर्टर आणि नळांना एक्स्टेन्शन लावावे लागतात आणि चौकटीपाशी कडा बाहेर दिसते.

परंतु पंचवीस वर्षे जुन्या बाथरूममध्ये टाइल ही सहसा सर्वांत कमी बिघडलेली वस्तू असते. पाइप गंजलेले आणि वॉटरप्रूफिंग संपलेले असताना वरून नवीन टाइल चढवणे म्हणजे तीच तोडफोड दोन-तीन वर्षे पुढे ढकलून दुप्पट खर्चात करणे होय.

प्रश्न: नवीन टाइल्स लावल्यावर खालच्या फ्लॅटमधील गळती थांबेल का?

केवळ टाइल्सने थांबणार नाही. टाइल पाणी अडवते, पण सांध्यांतून, कोपऱ्यांतून आणि पाइपभोवतीच्या फटीतून थोडे पाणी मागे जातच असते. ते अडवण्याचे काम टाइलच्या मागे असलेल्या वॉटरप्रूफिंगचे आहे. बाथरूमचा स्लॅब इतर खोल्यांपेक्षा खाली घेतलेला असेल तर तो खोलगट भाग विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो, आणि गळती बहुधा नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतील पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या) किंवा कमोडच्या जोडापाशी सुरू होऊन त्या कोब्यात मुरत राहते.

जमिनीवर आणि भिंतींच्या खालच्या किमान एक फुटापर्यंत, तर शॉवरच्या भिंतींवर सहा-सात फुटांपर्यंत पॉलिमरयुक्त सिमेंटचे दोन हात द्यावेत. कोपऱ्यात गोलाई करून त्यात जाळी बसवावी. त्यानंतर ट्रॅप बंद करून जमिनीवर पाणी भरून ४८ तास ठेवावे आणि खालच्या घरी जाऊन छत पाहावे. ही चाचणी टाइल लावण्यापूर्वी करायची असते. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकात वॉटरप्रूफिंगची वेगळी ओळ नसेल, तर टाइलच्या दरात चौरस फुटामागे वीस-तीस रुपये कमी करून ते पैसे तेथे घालावेत.

प्रश्न: सांधे किती ठेवावेत आणि त्यांत काय भरावे?

टाइल्स एकमेकींना भिडवून लावल्या की भिंत अखंड दिसते, म्हणून तशीच मागणी अनेक जण करतात. ती मान्य करू नये. कडा घासून एकसारख्या केलेल्या टाइललाही २ मिलिमीटरचा आणि साध्या टाइलला ३ मिलिमीटरचा सांधा हवा, आणि तो डोळ्याच्या अंदाजाने न ठेवता स्पेसर (टाइल्समध्ये ठेवायचे प्लास्टिकचे छोटे तुकडे) लावूनच ठेवावा. बिनसांध्याच्या फटीत ग्राउट (सांध्यांत भरायचा मसाला) आत जात नाही, वर नुसता लेप बसतो आणि तो काही दिवसांत धुऊन जातो.

व्हाइट सिमेंट आता विसरावे. ते पाणी शोषते, तडकते आणि काळे पडते. कोरड्या भागात पॉलिमरयुक्त सिमेंटी ग्राउट चालते. शॉवरच्या भिंतींना आणि जमिनीला एपॉक्सी ग्राउट घ्यावे. ते महाग आहे, परंतु पाणी शोषत नाही आणि डाग धरत नाही. ते थोडे थोडे कालवून लगेच भरावे लागते आणि टाइलवर सांडलेले त्याच वेळी स्पंजने पुसावे लागते. सुकल्यावर राहिलेला चिकट पापुद्रा खरखरीत मॅट टाइलवरून काढणे अतिशय कष्टाचे असते. म्हणून पूर्वी एपॉक्सीचे काम केलेला माणूसच निवडावा.

दोन भिंती मिळतात तो उभा कोपरा आणि भिंत-जमिनीचा सांधा येथे ग्राउटऐवजी बुरशीरोधक सिलिकॉन भरावे, कारण तेथे हालचाल होते आणि कडक ग्राउटला केसासारखी भेग पडते. काम संपल्यावर सफाईसाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरण्याची प्रथा आहे. ते सिमेंटी सांधे खाते आणि नळांचे क्रोम काळवंडवते. ते वापरू नये असे मजुरांना आधीच बजावून ठेवावे.

प्रश्न: बाहेरचे कोपरे आणि सामान ठेवण्याचा नीश कसा करावा?

बाहेरच्या कोपऱ्यावर दोन्ही टाइल्सच्या कडा ४५ अंशांत घासून जोडल्यास काम सुबक दिसते, पण ती कडा धारदार आणि नाजूक राहते व बादली आपटली की टवका उडतो. सिरॅमिक टाइलमध्ये तर ग्लेझखालची वेगळ्या रंगाची मातीही उघडी पडते. ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची पट्टी लावणे अधिक टिकाऊ आहे. नीश विटांच्या भिंतीतच घ्यावा, कॉलम किंवा बीम कदापि फोडू नये. त्याच्या तळाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा आणि आतून वॉटरप्रूफिंग करून घ्यावे.

प्रश्न: शॉवरच्या भिंतीला संगमरवर लावावा का?

साबण, जड पाणी आणि आम्लयुक्त क्लीनर या तिन्हींनी संगमरवर खराब होतो. त्या रूपाचा आग्रह असेल तर त्याच नक्षीची टाइल घ्यावी.

प्रश्न: गीझर आणि काचेचे पार्टिशन बसवताना टाइल तडकू नये म्हणून काय करावे?

ड्रिलची हातोडी-गती बंद ठेवून, योग्य बिटने, टाइल ओली ठेवत आधी टाइलपुरते छिद्र पाडावे. विटेत गेल्यावर मग हातोडी-गती चालू करावी. प्लग टाइलमध्ये अडकता कामा नये, तो मागच्या विटेत पूर्ण गेला पाहिजे. हलक्या ब्लॉकच्या भिंतीवर पाण्याने भरलेल्या गीझरचे वजन साध्या प्लगवर टाकू नये, आरपार बोल्ट घ्यावेत. पाइप कोठून गेले आहेत याचे फोटो, शेजारी मापाची टेप धरून, प्लास्टरपूर्वीच काढून ठेवावेत.

प्रश्न: सोसायटीची परवानगी लागते का?

होय, काम सुरू करण्यापूर्वी लेखी कळवून परवानगी घ्यावी. कामाच्या वेळा, लिफ्टचा वापर आणि राडारोडा कोठे टाकायचा हे त्यातच ठरते. बाथरूमची जागा बदलणे हा वेगळा आणि अवघड विषय आहे, तो मिस्त्रीच्या भरवशावर करू नये. सभासदाच्या बाथरूममधून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सामान्यतः त्या सभासदालाच स्वखर्चाने करावी लागते, त्यामुळे पाणी भरून केलेल्या चाचणीच्या वेळी खालच्या शेजाऱ्यांना सोबत घेणे दोघांच्याही हिताचे असते.

प्रश्न: उरलेल्या टाइल्स दुकानदार परत घेतो का?

बरेच दुकानदार न उघडलेली खोकी ठरावीक मुदतीत परत घेतात. ही अट बिलावर लिहून घ्यावी. तरीही भिंतीच्या टाइल्सचे एक पूर्ण खोके परत न करता घरीच ठेवावे. टाइल्स उभ्या, कडेवर ठेवाव्यात, आडव्या रचल्यास खालच्या तडकतात. खोक्यावरील शेड आणि बॅच क्रमांकाचा तुकडा कापून बिलाला जोडून ठेवावा, आणि एपॉक्सी ग्राउटच्या रंगाचा क्रमांकही त्याच कागदावर लिहावा.